कॉइलओव्हर बसवले, पण गाडी उजवीकडे कलते. काय करावं?

कोथरूडकर
जुन्या पोलोला कॉइलओव्हर (आटे फिरवून उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉक) बसवून घेतले. मेकॅनिकने पुढच्या दोन्ही बाजूंचे आटे मोजून सारखे ठेवले, तरी उजवी पुढची बाजू बाराएक मिमी खाली आहे. डावीकडे टायर आणि फेंडरच्या मध्ये तीन बोटं जातात, उजवीकडे जेमतेम दोन. नुसता उजवा वर घेऊ का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पानाबहाद्दर
थांबा, लगेच पाना लावू नका. आधी बोटांनी मोजणं सोडा. चाकाच्या केंद्रापासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत टेप धरा. जमिनीपासून मोजलंत तर टायरची हवा आणि झीजही त्यात मिसळते.

दुसरं म्हणजे जमीन. सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जायला मुद्दाम उतार दिलेला असतो. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी मिळाली तर चारही चाकांच्या जागा तपासा आणि जिथे खोल आहे तिथे टाइलचे तुकडे ठेवा. तेवढा खटाटोप नको असेल तर गाडी त्याच जागी उलट तोंडाने लावून पुन्हा मोजा. खालची बाजू बदलली तर दोष जमिनीचा.

जॅकवरून उतरवल्या उतरवल्या मोजू नका. टायर आडवे अडकून बसतात आणि गाडी उंच दिसते. पुढे-मागे ढकला, बॉनेट-डिकी दाबून सोडा, मग टेप.

आणि आटे सारखे म्हणजे उंची सारखी, हे डोक्यातून काढा. गाडीचं वजन डाव्या-उजव्या बाजूला सारखं नसतंच, त्यात ड्रायव्हर उजवीकडे. मी तर सीटवर सिमेंटची ५० किलोची गोणी ठेवून मोजतो. (खाली प्लास्टिक अंथरा, नाहीतर घरात जेवण मिळणार नाही.)

घाटवाट
वरच्याशी सहमत. पण एकच कोपरा उचलायचा मोह टाळा. लंगड्या टेबलाच्या एका पायाखाली कागद सरकवल्यासारखं होतं. उजवा पुढचा वर घेतला की त्याच्यावर आणि तिरका समोरच्या डाव्या मागच्या चाकावर भार वाढतो. दिसायला गाडी सरळ, पण डाव्या आणि उजव्या वळणात वेगवेगळी वागते. फरक वाटून घ्या: उजवा थोडा वर, डावा थोडा खाली. मागची मापंही घ्या; पोलोला मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉक वेगळा, तिथला अॅडजस्टर वरखाली राहिला तरी पुढे परिणाम दिसतो. हे करताना अँटी-रोल बारची (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा, वळणात गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) एक लिंक सोडून ठेवा, नाहीतर बारचा पीळ तुम्हाला फसवेल.

एक विचारतो, लोअर आर्मच्या (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळले का? तसं केलं की रबर पिळलेलंच राहतं आणि गाडी नीट बसत नाही.

कोथरूडकर
आत्ताच फोन केला. लिफ्टवरच आवळले म्हणे! आधी ते सैल करून, गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा आवळून घेतो. अलाइनमेंट त्याच दिवशी उरकू का?

पानाबहाद्दर
नको. उंची बदलली की टो (वरून बघताना चाकांची तोंडं किती आत-बाहेर) आणि कॅम्बर (समोरून बघताना चाकांचा कल) दोन्ही हलतात, पैसे दोनदा जातील. थोडी चालवा, स्प्रिंग बसू द्या, परत मोजा आणि मग जा. हेडलाइटचा झोतही तपासून घ्या. शेवटी चार-पाच मिमी फरक उरला तर सोडून द्या. कंपनीतून आलेल्या गाडीचे फेंडरही तेवढे मागेपुढे असतात.