मदत हवी आहे: पिकअपच्या इंजिनात टक-टक, मेस्तरी म्हणतात हाफ इंजिन करा

नमस्कार मंडळी. यावल तालुक्यातला आहे. स्वतःची डिझेल पिकअप आहे, कॉमन रेल (जास्त दाबानं डिझेल सोडणारी सिस्टिम), चार सिलिंडर, १,६२,००० किलोमीटर झालेत. केळीचे कॅरेट वाहतो.

गेल्या पंधरा दिवसांपासून सकाळी पहिला सेल्फ मारला की बॉनेटखालून टक-टक-टक सुरू होतं. शिलाई मशीनसारखा बारीक आवाज. रेस दिली की तोही तेवढाच पळतो. भुसावळचा तापी पूल येईपर्यंत जवळपास बंद होतो. पण चाळीसगाव सोडून भरल्या गाडीनं कन्नडचा घाट चढायला लागलं की परत सुरू. केबिनमध्ये धुराचा वासही येतो, आधी कधी येत नव्हता.

ऑइल पट्टीवर बरोबर आहे. १५डब्ल्यू-४० टाकून ४,००० किलोमीटर झालेत. ऑइलचा दिवा लगेच विझतो, टेंपरेचरचा काटाही वर जात नाही. एका मेस्तरींनी टॅपेट सेट केले, काही फरक नाही. दुसऱ्यांनी पाच मिनिटं ऐकलं आणि हाफ इंजिन, म्हणजे इंजिन खोलून आतलं अर्धं काम नवं करायला सांगितलं, ४५ हजार. १० तारखेला हप्ता आहे आणि माल भरायचे हेच दिवस आहेत. खोलायच्या आधी आवाज नेमका कुठून येतो ते कसं ओळखायचं? कृपा करून सांगा.

प्रतिसाद, शिरपूर

भाऊ, इंजिन ढिलं झालं असेल. २०डब्ल्यू-५० टाका, आवाज दबेल.

प्रतिसाद, धुळे (डिझेलचंच काम करतो)

दादा, जाड ऑइल टाकू नका. आवाज दबला तरी दुखणं तिथंच राहील, आणि सकाळी वरपर्यंत ऑइल पोचायला उशीर होईल. इंजिनही आत्ताच खोलू नका.

तुम्ही लिहिलंय त्यातच बरंच उत्तर आहे. रॉड बेअरिंग (पिस्टनच्या रॉडखालचं) गेलं असतं तर गाडी तापल्यावर, ऑइल पातळ झाल्यावर आवाज वाढला असता, आणि तो टक नसतो, खालून ठक असा जड येतो. तुमचा उलट गरम झाल्यावर कमी होतो. लोखंड गार असताना फट उघडी असते, तापून फुगलं की बुजते. घाटात लोड पडला की धूर त्याच फटीतून जोरानं बाहेर फेकला जातो. त्यात केबिनमध्ये वास. मला एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर बाहेर नेणारा नळ) गॅस्केट, म्हणजे जोडातली पॅकिंग, किंवा तो धरून ठेवणारा स्टड (बोल्ट) वाटतो. दुसरा संशय इंजेक्टरखालच्या तांब्याच्या वॉशरवर. तो गळत असेल तर इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर साचतो. तसं दिसलं तर लांबवू नका, पुढे इंजेक्टर हेडमध्ये असा जाम होतो की निघता निघत नाही.

उद्या सकाळी सेल्फ मारायच्या आधी मॅनिफोल्डवरचं पत्र्याचं कव्हर काढा. टॉर्चनं प्रत्येक जोड बघा, काजळी कुठे उडालीय ते. मग गाडी सुरू करून हातभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाला, दुसरं जोडाजवळ फिरवा. फॅन आणि बेल्टपासून लांब राहा, गळ्यातला रुमाल काढून ठेवा. आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून सावकाश चालवून मोजा. ८०० आरपीएमला मिनिटाला साधारण ४०० टक आले तर गडबड एकाच सिलिंडरची किंवा एका व्हॉल्व्हची, कारण चार स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एकदाच पाळी येते.

एक हात जोडून सांगणं. जुन्या गाड्यांत चालू इंजिनवर इंजेक्टरचा पाइप सैल करून बघायचे, तसं या गाडीत कुणालाही करू देऊ नका. आतला दाब १,००० बारच्याही वर जातो, डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत जाते. सिलिंडर बंद करून बघायचाच असेल तर स्कॅनर लावा.

धागाकर्ता

दादा, तुम्ही सांगितलं तसं आज पहाटे केलं. कव्हर काढलं तर चौथ्या सिलिंडरपाशी हेडवर पंख्याच्या आकाराची काजळी, चुलीमागच्या भिंतीसारखी. नळी तिथं नेली तर कानात फट-फट, बाकी तिघांपाशी काही नाही. मागचा स्टड हेडच्या बरोबरीनं तुटलाय, बोटाला टोकसुद्धा लागत नाही. इंजेक्टरची बुडं कोरडी आहेत.

घरचे दोन दिवसांनी आज नीट जेवले. आता एवढंच सांगा, हेड न उतरवता स्टड निघेल का?

प्रतिसाद, धुळे

बहुतेक निघेल. तुटक्या स्टडवर नट ठेवून आतून वेल्ड मारायचा, गार होऊ द्यायचा, मग पान्यानं हळूहळू मागेपुढे करत काढायचा. त्याआधी बॅटरीच्या दोन्ही तारा आणि ईसीएमचं (इंजिनच्या कॉम्प्युटरचं) सॉकेट काढायला लावा. गॅस्केट नवीनच टाका, आणि राहिलेले स्टडही बदलून घ्या, त्यांनीही तेवढीच उष्णता सोसलीय.