भुसभुशीत बर्फाच्या शोधात कमी पैशात परदेशी जाऊन आलात का? अनुभव सांगा

गंजीतला
काल मानवतला जिनिंगवर कापूस घेऊन गेलो होतो. ट्रॅक्टर रिकामा होईस्तोवर बसलो, तर समोर दोन पोरं ढिगावर उड्या मारायलेत. त्यातलं एक कमरेइतकं आत गेलं आणि निघता निघेना. हात टेकावा तर हातही आत. हमाल ओरडायला लागला, आणि मला हसू आवरेना. फेब्रुवारी २०२४ मध्ये किर्गिझस्तानात काराकोलच्या डोंगरावर मी असाच अडकलो होतो, वरून पायाला बोर्ड (बर्फावर घसरायची फळी) बांधलेला.

मी आणि मावसभाऊ. परभणीहून सचखंड एक्सप्रेसनं दिल्ली, तिथून विमानानं अल्माटी. कझाकस्तानात आपल्याला १४ दिवस व्हिसा लागत नाही, किर्गिझस्तानचा ई-व्हिसा घरी बसून काढला. अल्माटी ते बिश्केक आणि बिश्केक ते काराकोल मारश्रुतका, म्हणजे आपली काळी-पिवळीच समजा. भरल्याशिवाय हलत नाही. बिश्केकच्या पुढंच ४०० किलोमीटर, त्यात अर्धा दिवस गेला. मुक्काम गावात एका आजीबाईच्या घरी, डोंगर तिथून सात-आठ किलोमीटर. बोर्ड, बूट तिथंच भाड्यानं. हातमोजे, गॉगल, थर्मल इथूनच नेलं. रात्री येसर (भाजलेल्या धान्याचं मसाल्याचं पीठ) उकळत्या पाण्यात टाकायचं आणि त्यात तिथली पाव-रोटी चुरून खायची. आजीबाईला वास आवडला, दुसऱ्या दिवशी वाटी घेऊनच आली.

पहिले चार दिवस नवं बर्फ पडलंच नाही. जुनं होतं ते पाळी न घातलेल्या रानासारखं, नुसती ढेकळं. दोन्ही गुडघे सोलले. पाचव्या रात्री सुरू झालं. सकाळी लिफ्टमधून उतरलो तर कसलाच आवाज नाही, सुरूसारखी उंच झाडं पांढरीफेक. मी नेहमीच्या सवयीनं पुढच्या पायावर भार दिला, बोर्डाचं नाक खाली घुसलं आणि मी तोंडावर. उठावं म्हणून हात टेकला तर खांद्यापर्यंत आत! वीस मिनिटं झुंजलो. शेवटी बोर्ड सोडवला, आडवा ठेवला आणि त्याच्यावर हात रोवून उभा राहिलो. मग भार मागच्या पायावर घेऊन निघालो. त्यानंतरचे दोन तास मला नीट सांगता येणार नाहीत.

दहा दिवस हातात होते म्हणून तो एक दिवस मिळाला. पाच दिवसांचं चकचकीत पॅकेज घेतलं असतं तर ढेकळं तुडवून परत आलो असतो. खोलीवर पैसा घालू नका, दिवसांवर घाला. माणशी पाऊण लाखात बसलं.

तुमचं सांगा.

बालाघाटी
लई भारी भौ. फोटो टाका की.

गंजीतला
@बालाघाटी फोन थंडीनं बंद पडायचा. सगळे फोटो येसरचे आहेत 😄

घोंगडं
सचखंडचं नाव काढलं आणि लंगरचा डबा आठवला. दिल्लीला जाताना आम्ही घरून नुसतं ताट घेऊन निघायचो. कढी-भात मिळायचा. बर्फाचा अनुभव नाही, क्षमस्व.

मांजराकाठची काकू
आमचा धाकटा जपानात साप्पोरोला नोकरीला आहे. विमानाचं तिकीट तेवढं आमचं, बाकी लेकाच्या खोलीत खाली गादी टाकून. निसेको की काय ते महागडं, तिकडं फिरकलोच नाही. साप्पोरोहून तेइनेला बसनं सकाळी जायचं, संध्याकाळी परत. १९७२ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या काही शर्यती त्याच डोंगरावर झाल्या म्हणे. लेक आणि सून बोर्डावर, मी खाली गरम पाण्याचा थर्मास घेऊन.
मूठभर बर्फ घेऊन लाडू वळायला गेले तर वळेचना. तूप कमी पडलेल्या बेसनासारखं, मूठ उघडली की पीठ. लेक म्हणतो, सायबेरियाचा वारा कोरडा निघतो, जपानच्या समुद्रावर पाणी पितो आणि होक्काइडोच्या डोंगरांवर सगळं टाकून देतो. थंडी एवढी की बर्फ ओलं होतच नाही.
रस्त्याच्या कडेला खांबांवर खाली टोक केलेले लाल-पांढरे बाण दिसायचे. मला वाटलं मंदिराची खूण. ती रस्त्याची कड निघाली. बर्फात रस्ता संपतो कुठं ते कळावं म्हणून!
आणि छपरावरचं बर्फ लोक फावड्यानं ढकलून देत होते. मी २०१६ ला लातुरात टँकरखाली घागर धरून उभी राहिलेली बाई. मला ते बघवेना.

सेलूची सून
काकू 🙏 मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेच ना ते वर्ष? आमच्याकडे तेव्हा लग्न होतं, जेवणावळीला पाण्याचे ग्लास मोजून दिलेले.

मांजराकाठची काकू
हो गं, तेच.

दूधनेचा पूर
परदेश कशाला? गुलमर्गचा गोंडोला (केबलकार) अफरवत डोंगरावर जवळजवळ ४००० मीटरपर्यंत नेतो, जगभरचे लोक तिथं येतात. फक्त वारा सुटला की दुसरा टप्पा बंद. मी तीन दिवस खाली बसून कहवा प्यालो, चौथ्या दिवशी वर गेलो. आखलेल्या भागाबाहेर गाइडशिवाय पाऊल टाकू नका. अंगावर बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र), पाठीवर फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी), आणि ते वापरता येणारा सोबती. सोबत्याला येत नसेल तर तुमच्या बीकनचा उपयोग शून्य.

गंजीतला
@दूधनेचा पूर शंभर टक्के. आम्ही बोर्ड तिथंच शिकलो, आठवडाभर. झाडांच्या बुंध्याशी खड्डे असतात तेही लिहायला हवं होतं. वरून दिसत नाहीत, आत उलटा पडला की संपलं. आम्ही दोघं एकमेकांना दिसत राहू एवढंच अंतर ठेवायचो.

तुटका मनगट
गुदौरी, जॉर्जिया. तिबिलिसीहून दोनेक तास. दुसरा दिवस, सगळ्यात सोपा उतार, त्यातही मी उभा होतो!! मागं कलंडलो, हात टेकला, कट्. बोर्डवाल्यांचं मनगटच सगळ्यात जास्त मोडतं असं डॉक्टरनं प्लास्टर घालता घालता सांगितलं. पडताना मूठ मिटा, तळहात टेकवू नका.
खरी गंमत पुढं. विमा काढला होता, पण त्यात हिवाळी खेळ धरलेलेच नव्हते, ते वेगळे पैसे भरून घ्यावे लागतात. बारीक अक्षरात लिहिलं होतं. भावाकडून उसने घेतले, अजून फिटले नाहीत. तो हा धागा वाचत नसावा.

घोंगडं
वाचतोय म्हणा.

माळावरचा
आमच्या आईला सांगितलं पावडरसाठी (म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फासाठी) चाललो, तर म्हणाली कपाशीवर मारायची का तोंडाला लावायची?
आम्ही चौघं जानेवारीत जायचं म्हणतोय. बोर्ड कुणालाच येत नाही. अल्माटीला चार दिवस पुरतील का? शिंबुलाकचा बर्फाचा डोंगर शहराजवळ आहे म्हणतात.

गंजीतला
@माळावरचा शिंबुलाक जवळच आहे, शहरातून मेदेवला बस जाते, तिथून केबलकार. पण नवशिक्याला चार दिवसांत पडायला शिकता येईल, पावडर विसरा. ताज्या बर्फात वळता येत नसेल तर नुसतं खोदकाम. आधी गुलमर्ग करा, मग तिकडं.

बालाघाटी
बर्फ म्हटलं की आम्हाला २०१४ च्या गाराच आठवतात. हरभरा काढायला आला होता. सकाळी रानात पांढरा थर, पोरं खेळायलेत आणि बाप बांधावर बसलेला.

मांजराकाठची काकू
आमच्या माहेरीही तसंच झालं होतं रे. द्राक्षबाग गेली.

सेलूची सून
गंजीतला भाऊ, येसरात उडीद घालता का? माझ्या माहेरी घालत नाहीत, सासूबाई घालतात. वाद चालू आहे.

गंजीतला
आई गहू, हरभरा, बाजरी भाजते, खडा मसाला वेगळा. उडदाचं तिलाच विचारून सांगतो.

माळावरचा
दादा, तुमचं जॅकेट आहे का अजून? भाड्यानं चालेल. उंची पाच-सात.

गंजीतला
आहे, पण डाव्या खिशाची चेन तुटलेली. सोमवारी परभणीच्या स्टँडवर या, सकाळी अकराला.