ऑपरेशन्स कन्सोल: नवं डिझाइन सोडून टीम टर्मिनलवरच जाते

पवई_डिझाइन:
अंधेरीतल्या एका ब्रोकरेजच्या ऑपरेशन्स टीमसाठी कन्सोल (सिस्टिमवर नजर ठेवायची आणि ती हाताळायची स्क्रीन) करतोय. वापरणारे सगळे मुरलेले. कार्ड, मोठे आकडे, मोकळी जागा असं डिझाइन दिलं, पण सव्वानऊला मार्केट उघडलं की सगळे जुन्या टेबलवर नाहीतर टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या खिडकीत). रीस्टार्टच्या वेळी 'नक्की करायचं?' न वाचताच एंटर दाबतात. काय बदलू?

गेटवे_गस्त:
टेबल परत आणा. रिजेक्ट (नाकारलेल्या ऑर्डर) वाढले तर ते एक्स्चेंजकडून आलेत, आपल्या रिस्क तपासणीत अडकलेत की एकाच गेटवेवर (ऑर्डर एक्स्चेंजकडे नेणाऱ्या दुव्यावर) आहेत, हे स्क्रोल न करता दिसायला हवं. ओळीची उंची 24 ते 28 पिक्सेल पुरते. आकडे उजवीकडे लावा, अंक समान रुंदीचे ठेवा. लेटन्सीच्या (ऑर्डरला लागणाऱ्या वेळेच्या) सरासरीवर विसंबू नका, गेटवेनिहाय पी50 आणि पी99 द्या, म्हणजे 100 पैकी 50 आणि 99 ऑर्डर किती वेळाच्या आत होतात ते. दहांतला एक गेटवे रेंगाळला तर एकूण सरासरीत ते सहज लपतं.

'जास्त एरर वर' असं सॉर्टिंग दर रिफ्रेशला चालू राहिलं, तर क्लिक करताकरता ओळ सरकते आणि भलतीच सर्व्हिस रीस्टार्ट होते. कर्सर टेबलवर असेपर्यंत क्रम गोठवा, आकडे बदलू द्या.

सगळ्यात घातक म्हणजे डेटा बंद पडूनही हिरवाच राहिलेला पॅनल. 'शेवटची नोंद 12 सेकंदांपूर्वी' असं प्रत्येकावर लिहा. डेटा दर 10 सेकंदांनी येत असेल, तर 30 सेकंदांनंतर पॅनल राखाडी झालाच पाहिजे.

रात्रपाळी_एसआरई:
एंटरबद्दल. तोच 'नक्की करायचं?'चा डबा दिवसभर समोर आला की हात आपोआप चालतो, त्यात टीमचा दोष नाही. एका सर्व्हिसच्या साध्या रीस्टार्टला डबा नकोच. मोठ्या कामाआधी त्याचा परिणाम कुठवर जाईल ते दाखवा: 'प्रॉडक्शन (ग्राहकांची चालू सिस्टिम), 40 पैकी 12 सर्व्हर, 3,100 चालू सेशन'. मग सर्व्हरचा आकडा टाइप करायला लावा.

तरी खरी अडवणूक टूलमध्येच हवी. 28 फेब्रुवारी 2017 ला ॲमेझॉनच्या एस3 मध्ये (फाइल साठवायच्या क्लाउड सेवेत) कमांडचा एक इनपुट चुकला आणि ठरवल्यापेक्षा जास्त सर्व्हर सेवेतून काढले गेले. त्यानंतर त्यांनी टूल बदललं: सर्व्हर हळू काढायचे आणि किमान क्षमतेखाली जाऊच द्यायचं नाही. सेवा चालू आहे की नाही हे सांगणाऱ्या त्यांच्या स्टेटस पेजचं नियंत्रण एस3 वरच अवलंबून असल्यामुळे सुरुवातीला तेही अपडेट करता आलं नव्हतं. तुमचं कन्सोल ज्यावर नजर ठेवतं त्याच क्लस्टरवर (सर्व्हरच्या गटावर) चालत नाही ना, हे आधी तपासा.

पवई_डिझाइन:
क्लस्टर तोच आहे, वेगळा करायला सांगतो. पावसात लोकल बंद पडल्या की अर्धी टीम घरून, 14 इंची लॅपटॉपवर, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असते. त्यांच्यासाठी?

गेटवे_गस्त:
वेगळा मोबाइल अवतार नको, तेच टेबल ग्राफ वगळून द्या. प्रत्येक लिंकमध्ये वेळेची चौकट पक्की ठेवा, 09:14 ते 09:22 अशी. 'मागची 15 मिनिटं' असली लिंक दहा मिनिटांनी उघडणाऱ्याला वेगळंच चित्र दाखवते. लॉग यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतील तर शेजारी आयएसटीही (भारतीय वेळ) द्या, साडेपाच तास मनात मिळवताना घाईत चुका होतात. रंगाबरोबर शब्द लिहा. आणि '/' ने शोध, जे-के ने खाली-वर, एस्केपने मागे एवढं पहिल्याच आवृत्तीत घाला, नाहीतर टर्मिनल सुटणार नाही.