रस्त्यावर राहणाऱ्या रुग्णांसाठी इंटर्ननी काय शिकावं?

इंटर्न_डिचोली:
नमस्कार. मी उत्तर गोव्यात इंटर्नशिप करतोय. बाजारात, बसस्टँडवर झोपणारे रुग्ण आमच्याकडे येतात ते जखमेत किडे पडल्यावरच. ड्रेसिंग होतं, गोळ्या दिल्या जातात, नंतर माणूस दिसत नाही. एमबीबीएसला ‘फॅमिली अडॉप्शन’मध्ये गावातली कुटुंबं दत्तक घेतली होती, पण ज्याला घरच नाही त्याच्याबद्दल कोणी शिकवलं नाही. आम्ही काही जण म्हापसा बाजारात दर शुक्रवारी शिबिर घ्यायचं म्हणतोय. कुठल्या संस्थेला बरोबर घ्यावं?

सिस्टर_मडगाव:
पुता, शिबिर नको. शिबिर म्हटलं की बॅनर आला, पाहुणे आले, आणि आपला माणूस गर्दी बघून लांबूनच वळतो. दोघेच जा, पण ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी, पाऊस असला तरी. आणि शुक्रवार तर मुळीच नको. बाजाराच्या दिवशी हमालीचे पैसे सोडून बीपी मोजायला कोण थांबेल?

संस्था नंतर. आधी पहाटे चहाचा गाडा लावणाऱ्याला भेटा. कोण कुठे झोपतो, कोण रात्रभर खोकतो, कोणाला फिट येते, हे त्याला ठाऊक असतं. त्याला आणि रस्त्यावर दिवस काढलेल्या एखाद्याला मानधन देऊन तुमच्या वर्गात शिकवायला बोलवा.

मी नोकरीत असताना स्टेशनपाशी राहणारे एक मामा यायचे. हृदय कमजोर, पाय सुजलेले. केसपेपरवर दर वेळी शेरा: ‘गोळ्या नियमित घेत नाही’. लघवीची गोळी घेतली की सकाळभर पुन्हा पुन्हा जावं लागायचं, आणि शौचालयात दर वेळी पैसे. हे त्यांनी डॉक्टरांना कधीच सांगितलं नाही, झाडू मारणाऱ्या बाईला सांगितलं. तिने शौचालयवाल्याशी बोलून सोय लावली, गोळी सुरू झाली, सूज उतरली. म्हणून म्हणते, गोळी लिहिण्याआधी ‘शौचाला कुठे जाता, रात्री औषध कुठे ठेवता’ हे विचारायला इंटर्नना शिकवलंच पाहिजे.

आणि सुरुवात पायांपासून करा. बोस्टनला १९८५ साली डॉ. जिम ओ’कॉनेल बेघरांसाठी काम करायला आले, तेव्हा निवाऱ्यातल्या नर्सेसनी त्यांना स्टेथोस्कोप बाजूला ठेवायला लावून आधी लोकांचे पाय धुवायला बसवलं. आपल्याकडे तर जूनपासून पाय सुकतच नाहीत. पाय हातात घेतलात की बोटांमधल्या चिखल्या, मधुमेहाची बधिरता, कुष्ठाचा चट्टा नजरेत येतो, आणि माणूसही बोलायला लागतो.

फोंड्याचा_वकील:
सिस्टरांशी सहमत. एक भर घालतो. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा कोणी भटकताना दिसला, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम १०० वाचून ठेवा. त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीला नेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. ठाणेदारांची ओळख आधीच करून घ्या, ऐन रात्री नव्हे.

इंटर्न_डिचोली:
खूप आभार, सिस्टर. शुक्रवार रद्द, मंगळवारी पहाटे जातो. इन्सुलिनवर असलेल्यांचं काय करू? फ्रीज कुठून आणणार?

सिस्टर_मडगाव:
उघडलेली बाटली साधारण चार आठवडे फ्रीजबाहेर चालते, ऊन मात्र लागता कामा नये. मे महिन्यात मातीच्या मडक्यात पाणी घालून त्यात बंद डब्यात ठेवायची, मडकं गाड्याच्या सावलीत. गाडेवाल्याला आधी विचारा, गृहीत धरू नका. सीलबंद बाटल्या केंद्राच्या फ्रीजमध्ये, आणि वापरलेल्या सुया दर खेपेला तुम्हीच परत न्या. जेवण मिळालं नाही त्या दिवशी किती टोचायचं, हे प्रत्येकाशी बसून ठरवा. उपाशीपोटी साखर उतरून माणूस पडला तर लोक दारू प्यायलाय म्हणून तसाच सोडून जातात. गाडेवाल्याला ही लक्षणं दाखवून ठेवा, साखर त्याच्याकडे असतेच.