कॉमन अ‍ॅपमधल्या दहा जागा भरायच्या कशाने?

रातकिडा:
नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत अकरावीत आहे. आई-बाबा दोघंही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी आणि धाकटा भाऊ एच-४वर, म्हणजे त्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर. नववीत इकडे आले. मार्क बरे आहेत, एसएटी या प्रवेशपरीक्षेचंही टेन्शन नाही. झोप उडवलीय ती कॉमन अ‍ॅपमधल्या (अनेक कॉलेजांना चालणारा एकच प्रवेश-अर्ज) अ‍ॅक्टिव्हिटींनी, म्हणजे वर्गाबाहेर काय करता त्या यादीने. दहा जागा, प्रत्येकीच्या वर्णनाला १५० अक्षरं. वर्गातल्या एकीची यादी पाहिली: डिबेटची कॅप्टन, प्रोफेसरांकडे संशोधन, वर स्वतःची संस्था! माझ्याकडे मॅथ क्लब आणि पुढे शून्य. शाळा सुटली की भावाला आणायचं, संध्याकाळपर्यंत सांभाळायचं, यातच दिवस जातो. काल ३/४ मोठे की २/३ यावरून त्याने रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी कागदाच्या पट्टीला बारा घड्या पाडल्या, नऊ रंगवल्या, दुसरीवर आठ, तेव्हा कुठे गप्प झाला. हे काय अर्जात लिहिणार? सुट्टीत एखादी एनजीओ काढू का? आणि अर्ली डिसिजन (एकाच कॉलेजला लवकर अर्ज, निवड झाली तर तिथेच जायचं) घ्यावं का?

खडूस_ताई:
एनजीओ अजिबात काढू नकोस. अकरावीच्या सुट्टीत उगवलेल्या आणि प्रवेश मिळताच मावळलेल्या संस्था अर्ज वाचणाऱ्यांनी ढिगाने पाहिल्यात.

अगं, अ‍ॅक्टिव्हिटीचा प्रकार निवडायच्या यादीत ‘फॅमिली रिस्पॉन्सिबिलिटीज’ असा पर्यायच आहे! आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे खरे खरे भर. ‘भावाला सांभाळते’ एवढंच लिहून थांबू नकोस. रोज आणणं, अभ्यास घेणं, सगळं लिही. आणि तुझ्या शाळेतल्या कौन्सेलरला हे माहीत आहे का? नसेल तर आत्ताच सांग, म्हणजे त्यांच्या शिफारसपत्रात येईल. दहाच्या दहा जागा भरायची सक्तीही नाही. त्या बारा घड्यांचं मात्र वेगळं लिहून ठेव. ६५० शब्दांच्या निबंधाला असंच काहीतरी लागतं.

एच४चा_बाप:
ताईंनी निबंधाचं सांगितलं, मी पैशांचं सांगतो. आमच्या घरी या विषयावर बरीच भांडणं झालीत. एच-४वर फाफ्साची (केंद्र सरकारच्या विद्यार्थी-मदतीचा अर्ज) सरकारी मदत मिळत नाही. बरीच खासगी कॉलेजं आर्थिक मदतीपुरतं तुला परदेशी विद्यार्थ्यांतच धरतात, आणि त्यांच्यापैकी अनेक ठिकाणी मदत मागितली की निवडीवर परिणाम होऊ शकतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडॉइन इथे तसं होत नाही. पण तिथे शिरणं किती कठीण, ते वेगळं सांगायला नको.

अर्ली डिसिजन म्हणजे बांधून घेणं. मिळालेल्या मदतीत भागत नसेल तरच सुटका. आई-बाबांना बसवून आकडा ठरवल्याशिवाय त्यावर सही करू नकोस. शिवाय २१ पूर्ण झाल्यावर एच-४ राहत नाही, म्हणजे पदवीच्या मधेच व्हिसा बदलावा लागू शकतो. त्याची चौकशी आतापासून करा.

सरासरीवाला:
हार्वर्ड शंभरातले चारच्या आसपासच घेतं, त्यामुळे तिथला नकार मनावर घेऊ नये. डेल आणि क्रूगर यांचा २००२चा शोधनिबंध बघ: सारख्याच कुवतीची आणि सारख्याच ठिकाणी अर्ज केलेली मुलं पुढे साधारण सारखंच कमावतात, मग कॉलेज कितीही नावाजलेलं असो.

खडूस_ताई:
@सरासरीवाला, अर्धंच सांगितलंत. गरीब घरातल्या मुलांना नावाजलेल्या कॉलेजाचा फायदा होतो, असंही त्याच निबंधात आहे.

सरासरीवाला:
मान्य. ते राहिलंच.

रातकिडा:
एनजीओ रद्द! कौन्सेलरची वेळ मागितलीय. अर्ली डिसिजनचं बाबांशी बोलणं झाल्यावरच. काका, आमच्या राज्यातल्या सरकारी युनिव्हर्सिटीत एच-४ला इन-स्टेट फी (राज्यातल्या रहिवाशांची कमी फी) लागते का, हे कुणाला विचारायचं?

एच४चा_बाप:
त्याच युनिव्हर्सिटीच्या रेसिडेन्सी, म्हणजे कोण राज्यातला रहिवासी ते, ठरवणाऱ्या ऑफिसला. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, म्हणून इथल्या कुणाच्या अनुभवावर जाऊ नकोस, माझ्याही नाही. फोन नको, ईमेल कर. उत्तर लेखी हवं.