जाड सुती स्वेटशर्ट उभा का आटतो?

प्रश्न : एका छोट्या स्वतंत्र स्ट्रीटवेअर ब्रँडचा ४५० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या कापडाचा) सुती स्वेटशर्ट पहिल्याच धुण्यात दोन बोटे आखूड झाला, रुंदी मात्र तशीच राहिली. असे का व्हावे?

प्रतिसाद १ : स्वेटशर्टचे होजिअरीचे (टाक्यांनी विणलेले) कापड तयार होताना लांबीत ताणले जाते आणि पाणी लागताच त्याचे टाके मूळ जागी येऊ पाहतात, म्हणून ते उभे आटते. चॅम्पियन कंपनीने याच कारणासाठी ‘रिव्हर्स वीव्ह’ स्वेटशर्टमध्ये कापड आडवे बेतले, म्हणजे लांबी आटत नाही; मला ही युक्ती फार मोलाची वाटते.

प्रतिसाद २ : गार पाण्यात उलटा करून धुवावा आणि दोरीवर न टांगता सपाट पसरून वाळवावा, कारण ओल्या सुताचे वजन खांदे ओढते. माझ्या स्वेटशर्टची गळ्याची रिब (लवचीक पट्टी) पाच हिवाळ्यांनंतरही घट्ट आहे.

प्रश्नकर्ता : आभार. ओला असतानाच हलक्या हाताने खाली ओढून पसरला, तेव्हा बोटभर लांबी परत आली.