वापरलेली कार्गो ई-सायकल : स्वस्त की स्वस्तातली फसगत?

सहकारनगरवासी
काल ‘बावधनकर’ यांनी येथे लिहिले की, युरोपातून पुण्यात परतणाऱ्या कुटुंबांकडे वापरलेली कार्गो ई-सायकल (मुले आणि सामान वाहणारी विजेची सायकल) निम्म्या किमतीत मिळत असताना नवी घेणे म्हणजे पैसे मुठा नदीत टाकणे होय, वर “सायकलच ती, तिचे काय बिघडणार?” असेही विचारले. या प्रश्नाला उत्तर देणे भाग आहे.

जिच्यावर स्वार, दोन मुले, दप्तरे आणि मंडईची पिशवी लादायची, तिची फ्रेम किती वर्षे कोणी कशी वापरली, हे रंगावरून कळत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या सुरक्षा प्राधिकरणाने ‘बाबू’ या प्रसिद्ध डच कंपनीला कार्गो सायकलींची विक्री थांबवून विकलेल्या सायकली परत मागवायला लावल्या, कारण त्यांच्या फ्रेम तुटण्याचा धोका होता. सायकलींच्या माहेरी ही अवस्था, तर कंटेनरमधून आलेल्या सायकलीची हमी आपल्याला कोण देणार?

दुसरा मुद्दा बॅटरीचा. प्रवासी विमानात १६० वॅट-तासांपेक्षा मोठी सुटी लिथियम बॅटरी नेता येत नाही आणि या सायकलींची बॅटरी साधारणपणे ४०० ते ५०० वॅट-तासांची असते. त्यामुळे सायकल एक तर बॅटरीविना येते, किंवा जुनी बॅटरी घेऊन समुद्रमार्गे येते. पुढे ती बॅटरी दमली की बाजारातली कोणतीही बसवून चालत नाही, कारण बॉशसारख्या कंपनीच्या मोटर-बॅटरी संचातली मोटर परक्या बॅटरीला ओळखच देत नाही. मग निम्म्या किमतीतली सायकल उरलेली निम्मी किंमत वसूल करते.

बावधनकर
आपण माझे वाक्य सोयीने अर्धेच उचलले आहे. फ्रेमचा क्रमांक तपासा, वेल्डिंगचे सांधे रंग खरवडलेल्या जागी नीट पाहा आणि बॅटरी पूर्ण भरून एक लांब फेरी मारा, हे मी त्याच लेखात सांगितले होते.

आता नव्याविषयी. शहरातल्या दुकानांत दिसणाऱ्या ज्या नव्या ई-सायकली मी पाहिल्या, त्यांपैकी बहुतेक एकट्या स्वारासाठी आहेत आणि ज्यांना कार्गो म्हणतात त्या घरपोच माल देणाऱ्यांसाठी घडवल्या आहेत. त्यांच्या कॅरिअरवर ना मुलांना पाय ठेवायला जागा, ना पाय आऱ्यांत जाऊ नये म्हणून जाळी. बहुतेकींना मागच्या चाकात हब मोटर असते. चांदणी चौकाकडच्या चढावर दोन मुली मागे बसवून वेग मंदावला की ही मोटर नुसती तापते. पेडलपाशी बसवलेली मिड मोटर गिअरचा फायदा घेऊन तोच चढ शांतपणे चढते. होय, तिची चेन लवकर झिजते, आणि चेन येथे कोणत्याही चांगल्या दुकानात मिळते.

पेन्शनर_कोथरूड
आपण दोघेही श्रीमंत आहात, याबद्दल अभिनंदन. एवढ्या पैशांत उत्तम इलेक्ट्रिक स्कूटर येते, असे माझे नम्र मत आहे. आमच्या पिढीने कॅरिअरवर उशी बांधून मुले शाळेत सोडली आणि ती सर्व आज धडधाकट आहेत.

अनघा_एनआयबीएम
काका, स्कूटरला परवाना आणि नोंदणी लागते. मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी वगळता वजन ६० किलोपर्यंत असेल, तर ते वाहन मोटर वाहन ठरतच नाही. माझ्या सासूबाई परवान्याशिवाय नातवाला बालवाडीत सोडतात, हे माझ्यासाठी पुरेसे कारण आहे. मात्र दुचाकीवर ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला हार्नेस (स्वाराला बांधणारा पट्टा) आणि हेल्मेट १५ फेब्रुवारी २०२३ पासून बंधनकारक झाले, तसा नियम सायकलीला नाही. तेथे शहाणपण आपले आपणच दाखवायचे असते.

माझा खरा प्रश्न वेगळा आहे, आणि नवे-जुने करणाऱ्यांपैकी कोणीही त्याला हात लावला नाही. ही सायकल ठेवायची कोठे? पुढे पेटी असलेली सायकल अडीच मीटर लांब असते. आमच्या सोसायटीने तिला दुचाकीच्या रांगेत जागा नाकारली आणि चार्जिंगसाठी दरमहा ठरावीक भाडे मागितले. बॅटरी एकदा भरायला अर्ध्या युनिटाच्या आसपास वीज लागते, हे सांगून माझा घसा बसला.

सेक्रेटरी_नाइलाजाने
ताई, भाडे विजेचे नसते, कटकटीचे असते. आमच्या इमारतीत एका सद्गृहस्थांनी जिन्याखाली रात्रभर बॅटरी चार्जिंगला लावली होती. उद्या तिने पेट घेतला, तर बाहेर पडण्याचा तोच एक मार्ग आहे, याचा विचार कोणी करायचा?

अनघा_एनआयबीएम
त्याच जिन्याखाली गॅसची रिकामी सिलिंडरे, रद्दी आणि कोणाचा तरी मोडका सोफा ठेवलेला असतो, तेव्हा सेक्रेटरी कोठे असतात? बॅटरी तीन किलोच्या आसपास असते; ती काढून वर घरात नेता येते आणि जागेपणी भरता येते.

सेक्रेटरी_नाइलाजाने
सोफा माझाच आहे, आणि तो आपोआप पेटत नाही. बॅटरी घरी नेणार असाल तर माझी हरकत संपली. अडीच मीटरच्या पेटीबद्दलची मात्र कायम आहे.

बावधनकर
म्हणूनच लांब कॅरिअरची घ्यावी. ‘टर्न’ कंपनीची जीएसडी वीस इंची चाकांची आहे, लांबीला साध्या सायकलीएवढीच भरते, मागच्या बाजूवर उभीही ठेवता येते आणि सायकलीचे स्वतःचे वजन आणि स्वार धरून एकूण सुमारे २०० किलोपर्यंत वजन पेलते.

पेन्शनर_कोथरूड
उभी ठेवलेली सायकल! म्हणजे आता बेसमेंटमध्ये तिच्या सावलीत स्कूटर लावायची. पण परवान्याचा मुद्दा मला ठाऊक नव्हता, एवढे नाइलाजाने नोंदवतो. सुनेला दाखवतो.

सहकारनगरवासी
मिड मोटर मान्य, कारण पर्वतीच्या बाजूचे चढ मीही रोज चढतो. जागेचा प्रश्नही रास्त आहे. पेटीवाली घेण्याचा बेत मी येथेच सोडतो. तरीही वापरलेली घ्यायची, तर फ्रेम परत मागवलेल्यांच्या यादीत नसल्याची खात्री, नवी बॅटरी आणि तिची पावती, एवढे हातात आल्याखेरीज मी दमडी मोजणार नाही. बावधनकर, आपण सायकल बदलणार असल्याचे मागे लिहिले होते. फ्रेमच्या क्रमांकाचा फोटो पाठवावा, किमतीचे नंतर बोलू.

बावधनकर
वर ज्या सायकलीला आपण फसगत म्हणालात तीच ना? फोटो पाठवतो. किंमत मात्र कालच्यापेक्षा वाढली आहे.